जावक क्रमांक एकेचाळीस

१७ जून, मंगळवार

शाळेचा दुसरा दिवस. तिसरीत यंदा आठ पोरं आली, सगळी तृप्तीच्या दुसरीतून. वर्गात शिरली अन् बसेचनात. भिंतींकडे बघत उभी. मिथुन म्हणाला, "सर, आपले कोपरे कुठंयत?"

मी म्हणालो, वर्गाला चार कोपरे असतात, मोजून घे. त्यानं खरंच मोजले. मग म्हणतो, "पन यात तर कायच न्हाई."

मागच्या वर्षी तृप्तीनं दोन कोपऱ्यांत थोडं काहीबाही मांडलं होतं, त्याचा हा परिणाम. घरी आल्यावर तिला सांगितलं नाही. ती हसली असती, मग मलाही हसावं लागलं असतं.

१८ जून

शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी तृप्तीकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, अन् मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडे. पोरं सगळी मिळून एकतीस. बायको हाताखाली म्हणून केंद्रातले लोक चेष्टा करतात — "शाळेत तरी तुमचं चालतं का, सर?"

अकरा वर्षं ती मंठ्याकडे होती, मी इकडे भोकरदनला. शनिवारी यायची, सोमवारी अंधारात निघायची. पती-पत्नी एकत्रीकरणात मागच्या वर्षी बदली झाली अन् नेमकी माझ्याच शाळेवर आली, तेव्हा मी अख्ख्या केंद्रात पेढे वाटले. तेव्हापासून एक गाडी, एक डबा. दुपारी तिच्या टेबलावर उघडायचा. तेव्हा वाटलं होतं, आता आणखी काय पाहिजे माणसाला.

त्या अकरा वर्षांत रोज फोनवर मी सांगायचो — हे असं शिकव, ते तसं शिकव. ती वहीत लिहून घ्यायची. त्या वहीत कोपरे कुठेच नव्हते. मला पक्कं आठवतं.

२५ जून, बुधवार

व्हरांड्यात मोडके बाक पडलेत. त्यांच्या फळ्या काढून रॅक करू का, तृप्ती म्हणाली. मी म्हणालो, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, परवानगी आल्याशिवाय खिळासुद्धा काढता येत नाही. नियम खरा आहे. मागच्या वर्षी त्यातलीच एक फळी मी माझ्या वर्गात खडूसाठी ठोकली, तेव्हा मात्र नियम झोपला होता.

ती "बरं" म्हणाली. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

२८ जून, शनिवार

शाळा समितीचे अध्यक्ष कचरूभाऊ. त्यांनी मोसंबीचे बावीस रिकामे क्रेट पाठवले. ट्रॅक्टरमधून! बाईंनी नुसता शब्द टाकला होता म्हणे. मी दोन वर्षं संडासाच्या दारासाठी त्यांच्या मागे लागलोय.

क्रेटवर क्रेट रचून तृप्तीच्या वर्गाचे चारही कोपरे भरले. एकात दुकान. एकात बी — मका, सरकी, तूर, भेंडी, पोरांनी घरून आणलेलं, बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांत घालून. एकात माती अन् पाण्याचं घमेलं. एकात जुन्या साडीचा पडदा, आत गोष्टीची पुस्तकं. पोरं चार-चारच्या टोळीनं फिरतात, अन् प्रत्येक कोपऱ्याचा एक कारभारी, तोही पोरांतलाच. बाई मध्ये मोकळीच उभी!

दुकानात खरा तराजू आहे. अन् पायली, अधोली, शेर — जुनी लोखंडी मापं. ती दिली आसराबाईनं. दुसरीतल्या छकुलीची आजी, मेंढरं राखणारी, आजवर फाटकाच्या आत कधी आली नव्हती. मापं तृप्तीच्या हातात देऊन म्हणाली, "आता घरी कोन मापून घेतंय, बाई? लेकरायला व्हतील."

छान दिसतं सगळं. लिहिलं, बाबा. छान दिसतं.

४ जुलै

भिंत एकच, अन् तीही चार इंची. मी इकडे सात चोक घेतोय, तिकडून "वीस रुपयाची भेंडी द्या, ताजी द्या" असं चाललेलं. माझी पोरं पाढा म्हणतात, पण डोळे भिंतीवर.

डबा खाताना म्हणालो, जरा आवाज कमी ठेव. म्हणाली, "अहो, पोरं करून राह्यलीत. आवाज होणारच." अन् माझ्या ताटात भाकरी वाढली. शेंगदाण्याची चटणी चांगली झाली होती. तेवढंही मी बोललो नाही.

११ जुलै, शुक्रवार

केंद्रप्रमुख साहेब आले. तृप्तीच्या वर्गात चाळीस मिनिटं. माझ्या वर्गात चार, त्यातलं एक पाणी पिण्यात गेलं. दुकानासमोर मांडी घालून बसले, छकुलीनं त्यांना मका मापून दिला, त्यांनी व्हिडिओ काढला.

माझ्या टेबलामागे २०१४ चं तालुक्याचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये आहे. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "सर, ती फ्रेम जरा तिरकी झाली."

जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. "नशीबवान आहात." मी हसलो. गाल दुखेपर्यंत हसलो.

१३ जुलै, रविवार

हरिओमचा फोन. जालन्याला मामाकडे राहून नववीला आहे. "पप्पा, आईचा व्हिडिओ आमच्या सरांनी वर्गात दाखवला!" मी म्हणालो, अभ्यास कसा चाललाय. म्हणाला, "बराय. आईला द्या ना."

द्यायलाच बसलोय मी.

२० जुलै, रविवार

ठरवलं. आपणही करू. जालन्याला जाऊन आलो, हरिओमला भेटायचं निमित्त सांगून. गणिताचे चौदा तक्ते, लॅमिनेशन केलेले. प्लॅस्टिकचे घन, शंकू, गोल. एक घड्याळाची तबकडी. चांगल्या प्रतीचं सामान आहे, क्रेट-बिट नाही.

२१ जुलै, सोमवार

सकाळी लवकर जाऊन मांडलं. तक्ते सुतळीनं ओवले, घन-शंकू क्रमानं लावले. एवढा खर्च केलेला, पोरं मोडतील, म्हणून एक पाटी लिहून वर लावली — हात लावू नये.

पोरं आली. आठ तिसरीची, सात चौथीची. पाटी वाचली. अन् हात मागे बांधून ओळीत उभी राहिली, देवळातल्यासारखी. मिथुननं विचारलं, "सर, बघून झालं. आता बसायचं का?"

तेवढ्यात तृप्ती खडू मागायला आली. पाटी वाचली. हसली असती तर मी भांडलो असतो. ती हसली नाही. खडू घेतला अन् गेली. वर्गाच्या बाहेर पडेपर्यंत तिनं मान खाली ठेवली होती.

पाटी मधल्या सुट्टीत काढली. पण आता कोणी हात लावत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

तृप्ती रजेवर, तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन. चारही वर्ग माझ्याकडे. खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं होतं. बाई नसली की या कोपऱ्यांचा कसा बाजार होतो ते आज दिसेल, अन् दिसलं की संध्याकाळी सहज सांगता येईल.

काही झालं नाही. पोरं आली, टोळ्या केल्या, आपापल्या कोपऱ्यात गेली. मला कोणी काही विचारलंही नाही. मी मध्ये उभा. खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुमी आपले बसा निवांत. लेकरायचं लेकरायला कळतंय समदं."

दुकानात गेलो. छकुली म्हणाली, आज तुम्ही दुकानदार. मी शेर भरला, वरून हात फिरवून सपाट केला, ओतायला लागलो. तिनं माझा हात धरला. सात वर्षांची पोर, माझा हात धरते!

"असं न्हाई, सर. शीग लावा."

"बराबर तर आहे माप."

"बराबर हाय. पन बाई म्हंत्यात, देताना शीग लावून द्यायचं, घेताना सपाट घ्यायचं. माझी आजी बी तसंच देती."

मग शेरावर मक्याची शीग चढवली, वरचा ढीग ढासळेपर्यंत. पोरं खूश. मलाही मजा आली, हे कुठे बोलता येणार नाही म्हणून इथे लिहितो. पाऊण तास मका मापत होतो. तिसरीची मिथुन कंपनी कधी येऊन बसली कळलं नाही.

संध्याकाळी तृप्तीचा फोन — "कसं झालं?" मी म्हणालो, गोंधळ होता थोडा, सांभाळलं मी.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. माती-कोपऱ्यात एकतीस बैलजोड्या झाल्या. माझ्या वर्गाच्यासुद्धा तिकडेच. व्हरांड्यात रांग लावली तर आख्खं गाव बघायला लोटलं. जो तो "बाई, बाई". एकानं मला विचारलं, "सर, तुमी कोनता केला?"

कोणताच नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

तालुक्याचं पत्र ग्रुपवर आलं. कोपरे मांडून शिकवणाऱ्या एका शिक्षकाची निवड करणार, वर्षभर तालुक्यातल्या शाळा फिरून त्यानं इतरांना दाखवायचं. प्रस्ताव मुख्याध्यापकाच्या अभिप्रायासह तीस सप्टेंबरपर्यंत.

तिनं पत्र दोनदा वाचलं. गाडीवर मागे बसली, अन् केदारखेड्याच्या पुलावर तिचा हात माझ्या खांद्यावर जरा घट्ट झाला. तिला ही निवड पाहिजे. लग्नाला सोळा वर्षं झाली, तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

मला आधी काय आठवलं? की पत्रात वयाची अट नाही. म्हणजे मीही अर्ज करू शकलो असतो. कशाचा? चौदा तक्त्यांचा?

१४ सप्टेंबर, रविवार

तृप्तीनं दोन रविवार बसून प्रस्ताव लिहिला. अकरा पानं. सुवाच्य, खाडाखोड नाही. फोटो डकवलेले. माझ्यापुढे ठेवला अन् चहा करायला गेली. शेवटच्या पानावर "मुख्याध्यापकाचा अभिप्राय" — खाली तीन ओळी मोकळ्या.

"सावकाश लिहा," आतून म्हणाली. "जल्दी न्हाई."

१५ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात बसून अभिप्राय लिहिला. एकच शब्द सुचला — समाधानकारक. साहेब लोक लिहितात तो. खाली सही ठोकली. तिच्या अकरा पानांखाली तो शब्द इतका भिकारडा दिसला की माझी मलाच लाज वाटली. शाईनं लिहिलेला, खोडता येईना.

दुसऱ्या कागदावर नीट लिहून वर चिकटवू म्हणून प्रस्ताव पाकिटात घातला. जावक रजिस्टरला मात्र नोंद करून टाकली. जावक क्र. ४१, दि. १५/९, विषय, कोणास. पोच घ्यायचा रकाना कोरा. पाकीट कपाटात, खिचडीच्या तांदळाच्या हिशेबाच्या वहीखाली.

डबा खाताना तिनं विचारलं, "दिला का पाठवून?" मी म्हणालो, नोंद केली. खोटं नव्हतं ते.

१९ सप्टेंबर

दिवसभर केंद्रात मीटिंग. तिथे दोघा-तिघांनी विचारलं, "बाईंचा प्रस्ताव येणार ना? मग आम्ही कशाला कागद काळे करू." सगळ्यांना तिचंच दिसतं. मी सोळा वर्षं या केंद्रात काढली, माझं नाव घेताना आता "बाईंचे मिस्टर" म्हणतात!

पोटात दुखतं. दुसरा शब्द नाही. स्वतःच्या बायकोवर जळणारा माणूस कुठे पाहिला नव्हता, आता रोज दाढी करताना दिसतो.

२३ सप्टेंबर

कपाट उघडलं. पाकीट आहे. उद्या लिहू.

तांदळाची वही सरळ ठेवलेली दिसली. मी तिरकी ठेवली होती वाटतं.

२६ सप्टेंबर

कपाट उघडलं. बंद केलं.

आज ती खूप वेळ ऑफिसात रेंगाळली. "काही काम आहे का?" म्हणालो. "न्हाई," म्हणाली. "तुम्हाला काही द्यायचं असंल तर आहे मी."

मी खडूचा डबा दिला.

३० सप्टेंबर, मंगळवार

पाच वाजता शाळा सुटली. तालुक्याचं ऑफिस साडेसहापर्यंत उघडं असतं, घराच्या वाटेवरच आहे. गाडी त्यासमोरून गेली. ती मागे बसलेली. मी वेग कमी केला नाही.

बरं वाटेल असं वाटलं होतं. एक रुपयाचंही बरं वाटलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

केंद्रप्रमुख साहेब आले. तिच्यासमोरच म्हणाले, "सर, तुमच्या शाळेचा प्रस्तावच आला न्हाई! मी तर बाईंचं नाव धरूनच चाललो होतो. दुसऱ्या केंद्राला गेलं ते."

जावक रजिस्टर टेबलावर, माझ्या हाताखाली.

तृप्ती म्हणाली, "माझंच लिहायचं राहिलं, साहेब. आईच्या डोळ्याचं चालू होतं."

साहेब हळहळले, चहा पिऊन गेले. ती तिच्या वर्गात गेली. भिंतीपलीकडून "भेंडी घ्या, ताजी भेंडी" सुरू झालं.

९ ऑक्टोबर

संध्याकाळी ती लसूण सोलत बसली होती. मी समोर बसलो. काय बोलायचं ते जुळवत होतो, तर तीच म्हणाली —

"तुम्ही मीटिंगला गेल्ते त्या दिवशी मी तांदळाची वही काढली. पाकीट खालीच होतं."

मीटिंग एकोणीसला. तिथून तीसपर्यंतचे दिवस मनात मोजले. अकरा.

"मंग बोललीस का न्हाई? वेळ होता. स्वतः नेऊन दिलं असतंस, सही तर होतीच."

"होती ना. अभिप्राय बी होता. वाचला मी."

तिनं पाकळी सोलली, वाटीत टाकली.

"मी रोज कपाट उघडून बघायचे. आज देतील, उद्या देतील. मी नेऊन दिलं असतं तर मला कधी कळलंच नसतं." अन् पुढची पाकळी उचलत, "तिसाला गाडी ऑफिसासमोरून चालली, तवा वाटलं, थांबतील."

रडली नाही. रागावली नाही. वाटी घेऊन आत गेली. मी लाज लाज म्हणून किती वेळा लिहू?

१३ ऑक्टोबर, सोमवार

तिनं एक अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. घरी नाही, शाळेत. "मुख्याध्यापक साहेब" असं लिहून.

पलीकडच्या तांड्यावरच्या शाळेत एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. तिथे पोरं सत्तावन्न, मागे एकच गुरुजी. कोणी स्वखुशीनं जाईल का, असं केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर विचारलं होतं. आपल्याकडे एकतीस, एकाला जमतील. एप्रिलपर्यंत.

"तू विचारलं न्हाईस मला."

"विचारूनच राह्यले. खाली तुमची सही लागती."

"अन् हे कोपरे?"

"क्रेट इथंच ऱ्हातील. पोरायला येतं समदं. तुम्ही फक्त हात लावू द्या."

टोमणा नव्हता. तिला टोमणा मारता येत नाही. म्हणून जास्त लागलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अर्जाखाली पुन्हा तेच — मुख्याध्यापकाचा अभिप्राय, तीन ओळी. या वेळी लिहायला बसलो तर थांबताच येईना. बावीस क्रेट लिहिले, आसराबाईची मापं लिहिली, छकुलीनं माझा हात धरला ते लिहिलं, एकतीस बैलजोड्या लिहिल्या. सहा ऑगस्टला बाई रजेवर असताना वर्ग आपोआप चालला, गोंधळ बिलकुल झाला नाही, हेही लिहिलं. जागा संपली, पान उलटून मागच्या बाजूला लिहिलं. तृप्ती दारात उभी राहून बघत होती. वाचायला मागितलं नाही.

जावक क्र. ४७. दुपारी स्वतः गाडीवर नेऊन दिला. पोच घेतली.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर शाळा उघडली. चारही वर्ग आता माझे, तृप्ती तांड्यावरच्या शाळेत.

सकाळी ओट्यावर दोन डबे होते.